ईमेलमधील लिंक आपल्या पसंतीच्या ब्राउझरमध्ये उघडण्यासाठी

संगणकावर फायरफॉक्स किंवा क्रोम हा डीफॉल्ट ब्राउझर, म्हणजे लिंक आपोआप ज्यात उघडावी तो, ठरवून दिलेला असतो, एरवी सगळे त्यातच उघडत असते, आणि तरीही आउटलुकमधील एखाद्या ईमेलमधल्या लिंकवर क्लिक केले की मायक्रोसॉफ्ट एज समोर येऊन उभा राहतो. मग माणूस विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन क्रोम पुन्हा एकदा डीफॉल्ट करतो, संगणक बंद करून सुरू करतो, आणि पुढची लिंक परत एजमध्येच उघडते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार आहे, कारण निर्णय जेथे होतो ते ठिकाण विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नसून आउटलुकच्या आत आहे.

लिंकवर क्लिक केल्यानंतर नेमके काय घडते हे एकदा समजून घेतले, तर पुढची शोधाशोध बरीच कमी होते. ईमेल वाचण्याचे ॲप, मग ते आउटलुक असो, थंडरबर्ड असो वा फोनवरचे जीमेल, सर्वप्रथम स्वतःकडे याविषयी काही सूचना नोंदवलेली आहे का ते पाहते. तशी सूचना असेल तर ते तिच्याप्रमाणे वागते आणि ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतही नाही. सूचना नसेल तरच तो पत्ता ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली होतो, आणि मग विंडोज, मॅकओएस, अँड्रॉइड किंवा आयओएस आपल्या नोंदींमध्ये एचटीटीपी आणि एचटीटीपीएस या प्रकारच्या, म्हणजे वेबपानांच्या, पत्त्यांसाठी कोणता ब्राउझर नेमलेला आहे ते पाहून त्याच्याकडे पत्ता सोपवते. त्यामुळे तपासायची ठिकाणे दोन आहेत, आणि बहुतेक लोक त्यांतले दुसरेच पुन्हा पुन्हा तपासत बसतात.

लिंक भलत्याच ब्राउझरमध्ये उघडली की अडचण लगेच जाणवते. वीजबिलाच्या ईमेलमधील लिंक अशा ब्राउझरमध्ये उघडते जेथे आपला पासवर्ड साठवलेला नाही, ग्राहक क्रमांक पुन्हा टाइप करावा लागतो, अक्षरांचा आकार आपण वाढवून ठेवलेला असतो तो येथे लागू नसतो, आणि दोन दिवसांनी तेच पान इतिहासात शोधायला गेले तर ते सापडत नाही. ‘पासवर्ड विसरलात का’ या प्रकारच्या ईमेलमध्ये तर गोंधळ आणखी वाढतो, कारण विनंती एका ब्राउझरमधून केलेली असते आणि नव्या पासवर्डचे पान दुसऱ्यात उघडते, आणि नवा पासवर्डही तेथेच साठवला जातो.

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी, ती म्हणजे आपण ईमेल कशात वाचतो. जीमेल, याहू किंवा आउटलुक डॉट कॉम हे ब्राउझरमध्येच उघडून वाचत असाल, तर लिंक त्याच ब्राउझरच्या नव्या टॅबमध्ये उघडते आणि डीफॉल्ट ब्राउझरचा येथे काहीही संबंध येत नाही. अशा वेळी उपाय एकच आहे: ज्या ब्राउझरमध्ये लिंक उघडायला हवी आहे, त्याच ब्राउझरमध्ये ईमेल वाचावे. पुढील सर्व मजकूर ज्यांचे ईमेल वेगळ्या ॲपमध्ये येते त्यांच्यासाठी आहे.

विंडोजमधील मूळ निवड

आउटलुकच्या आतली सेटिंग बदलायची म्हणजे त्याला ‘विंडोजने ठरवलेला ब्राउझर वापर’ असे सांगायचे असते, म्हणून विंडोजमधील निवड आधी नीट केलेली असणे गरजेचे आहे. विंडोज ११ मध्ये विंडोजची कळ आणि आय ही अक्षरकळ एकत्र दाबून सेटिंग्ज उघडावीत, डावीकडे ॲप्स निवडून डीफॉल्ट ॲप्समध्ये जावे, खाली दिसणाऱ्या यादीतून आपल्या ब्राउझरच्या नावावर क्लिक करावे आणि पानाच्या वरच्या भागातील ‘सेट डीफॉल्ट’ हे बटण दाबावे. हे बटण सुरुवातीपासून नव्हते. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आले तेव्हा एचटीटीपी, एचटीटीपीएस, एचटीएम, एचटीएमएल अशा प्रत्येक प्रकारासमोर जाऊन ब्राउझर स्वतंत्रपणे बदलावा लागत असे. त्यावर बरीच टीका झाल्यानंतर मार्च २०२२ मधील एका अपडेटमधून हे बटण आले. त्या काळात कोणी दोन-तीन प्रकार बदलून बाकीचे तसेच सोडून दिले असतील, तर एचटीटीपी एका ब्राउझरकडे आणि एचटीटीपीएस दुसऱ्याकडे अशी अर्धवट स्थिती आजही राहिलेली असू शकते. काही लिंक एका ब्राउझरमध्ये आणि काही दुसऱ्यात उघडत असल्या, तर पहिला संशय या अर्धवट नेमणुकीवर घ्यावा आणि वरील बटण पुन्हा एकदा दाबावे.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असले, तरी अनेक घरांतले आणि छोट्या कार्यालयांतले संगणक अजून त्यावरच चालतात. तेथे सेटिंग्जमधील ॲप्स या विभागात डीफॉल्ट ॲप्स उघडून ‘वेब ब्राउझर’ या शीर्षकाखाली जे नाव दिसते त्यावर क्लिक करावे आणि यादीतून हवा तो ब्राउझर निवडावा. एज बदलताना ‘एकदा एज वापरून तर पाहा’ अशा अर्थाची चौकट मध्येच येते; तिच्यातील ‘स्विच एनीवे’ या बारीक अक्षरांतील शब्दांवर क्लिक केल्याशिवाय बदल होत नाही, आणि घाईत मोठे बटण दाबणाऱ्याचा ब्राउझर जसाच्या तसा राहतो.

क्रोम किंवा फायरफॉक्स सुरू करताच ‘मला डीफॉल्ट करा’ अशी पट्टी दिसते. ती दाबल्यावर बहुधा विंडोजचे हेच सेटिंग्जचे पान उघडते आणि अंतिम क्लिक आपणच करावी लागते. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने कोणत्याही ॲपला परस्पर स्वतःला डीफॉल्ट करून घेण्यास आडकाठी केली. याचा हेतू उपद्रवी सॉफ्टवेअरला आवर घालण्याचा होता आणि तो मला रास्त वाटतो. पण जुलै २०१५ मध्ये विंडोज १० येताच फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे तेव्हाचे मुख्याधिकारी ख्रिस बिअर्ड यांनी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांना उघड पत्र लिहून तक्रार केली, ती हीच की वापरकर्त्याची जुनी निवड पुसून त्याला नव्याने खटपट करायला लावली जात आहे.

आणखी एक खुलासा पीडीएफविषयी. ईमेलसोबत आलेले बँकेचे खातेपत्रक एजमध्ये उघडते ही तक्रार लिंकच्या तक्रारीतच मिसळली जाते, पण ते जोडपत्र आहे, लिंक नव्हे, आणि त्याची नेमणूक पीडीएफ या फाइलप्रकारासमोर वेगळी केलेली असते. डीफॉल्ट ॲप्सच्या पानावरील शोधचौकटीत पीडीएफ हा फाइलप्रकार शोधून तेथे हवे ते ॲप नेमावे.

आउटलुकची स्वतःची सेटिंग

येथे खरी मेख आहे. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने मायक्रोसॉफ्ट ३६५ चे, म्हणजे वर्गणीवर मिळणाऱ्या ऑफिसचे, वर्गणीदार असलेल्यांच्या विंडोजवरील आउटलुकमध्ये असा बदल आणला की ईमेलमधील वेबलिंक विंडोजच्या डीफॉल्ट ब्राउझरकडे न जाता थेट एजमध्ये उघडतील, आणि पान उघडत असतानाच मूळ ईमेल एजच्या कडेच्या पट्टीत शेजारी दिसेल. वाचणाऱ्याला दोन खिडक्यांमध्ये ये-जा करावी लागू नये, असे त्याचे कारण कंपनीने सांगितले. एखाद्याला ती सोय खरोखरच आवडू शकते, परंतु ती न विचारता लागू करणे आणि मागे घेण्याचा पर्याय मेनूच्या तिसऱ्या थरात ठेवणे हे काही सोयीचे लक्षण नव्हे. अशाच हेतूने मार्च २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका चाचणी आवृत्तीत मेल ॲपमधील सर्व लिंक एजकडे वळवून पाहिल्या गेल्या होत्या; तेव्हा चाचणी करणाऱ्यांच्या नाराजीनंतर तो बेत सोडून द्यावा लागला.

जुन्या रूपातील, म्हणजे ज्याला आता ‘क्लासिक’ म्हणतात त्या आउटलुकमध्ये ही निवड बदलण्यासाठी वर डाव्या कोपऱ्यातील फाइल या शब्दावर क्लिक करावे, डाव्या पट्टीच्या अगदी तळाशी असलेले ऑप्शन्स उघडावेत आणि नव्या चौकटीत डावीकडून ॲडव्हान्स्ड निवडावे. उजवीकडे एक लांबलचक पान उघडते. ते हळूहळू खाली सरकवत गेल्यास ‘फाइल अँड ब्राउझर प्रेफरन्सेस’ असा विभाग लागतो. त्यात आउटलुकमधील हायपरलिंक कशात उघडाव्यात असे विचारणारी ओळ असते आणि तिच्यासमोरच्या उतरत्या यादीत मायक्रोसॉफ्ट एज आणि डीफॉल्ट ब्राउझर असे दोन पर्याय असतात. डीफॉल्ट ब्राउझर निवडून खाली ओके दाबावे. चौकट वरच्या कोपऱ्यातील फुलीने बंद केली तर निवड जतन होत नाही, हे लक्षात ठेवावे. या यादीत क्रोम किंवा फायरफॉक्स असे नाव शोधू नये, ते तेथे नसतेच. म्हणूनच विंडोजमधील निवड आधी करून ठेवायची.

हा विभाग दिसलाच नाही, तर आपले आउटलुक बहुधा वर्गणीचे नसून २०१६ किंवा २०१९ सारखे एकदाच विकत घेतलेले आहे. त्यात हा प्रश्नच उद्भवत नाही, ते विंडोजची निवड पाळते. नव्या आउटलुकमध्ये ऑप्शन्सची ती जुनी चौकट नाही. वर उजवीकडील दातेरी चाकाच्या चिन्हावरून सेटिंग्ज उघडून तेथील शोधपट्टीत लिंकविषयीची नोंद शोधावी आणि ब्राउझर निवडण्याची यादी दिसल्यास तेथेही डीफॉल्ट ब्राउझर हेच निवडावे. कार्यालयात टीम्स हे मायक्रोसॉफ्टचे संवादाचे ॲप वापरत असाल तर त्याची निवड निराळी असते, कारण आउटलुकपाठोपाठ टीम्सलाही तोच नियम लागू झाला. टीम्सच्या सेटिंग्जमध्ये ‘फाइल्स अँड लिंक्स’ या भागात लिंक कशात उघडायच्या हे ठरवता येते.

कंपनीने दिलेल्या संगणकावर ही यादी करड्या रंगात, क्लिक न होणारी अशी दिसू शकते, किंवा आज केलेला बदल उद्या लॉगिन केल्यावर नाहीसा झालेला असतो. त्याचा अर्थ कंपनीच्या आयटी विभागाने ती निवड धोरण म्हणून सर्वांसाठी ठरवून टाकली आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या प्रशासकांसाठी ‘वेबलिंक कोणत्या ब्राउझरने उघडाव्यात’ असे एक स्वतंत्र धोरण उपलब्ध आहे, आणि विंडोजचा डीफॉल्ट ब्राउझरही एका फाइलद्वारे सर्व संगणकांवर एकसारखा लादता येतो. अशा संगणकावर स्वतः रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदींत, हात घालण्यापेक्षा आयटी विभागाला दोन ओळींचे ईमेल लिहावे, आणि त्यात ‘डीफॉल्ट ब्राउझर बदलत नाही’ एवढेच न लिहिता ‘आउटलुकमधील लिंक डीफॉल्ट ब्राउझरमध्ये उघडत नाहीत’ असे नेमके शब्द वापरावेत, कारण ही दोन वेगवेगळी धोरणे आहेत.

युरोपात राहणाऱ्या मराठी वाचकांना कदाचित यातले काहीच करावे लागणार नाही. युरोपीय महासंघाच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे युरोपीय आर्थिक क्षेत्रातील विंडोजने ब्राउझरविषयीची वापरकर्त्याची निवड सर्वत्र पाळावी, असा बदल मायक्रोसॉफ्टला मार्च २०२४ पर्यंत करावा लागला. या विषयावर युरोपचा धाक जुना आहे: विंडोज ७ च्या एका अपडेटनंतर ब्राउझर निवडण्याचा पडदा दाखवायचा राहून गेला, म्हणून २०१३ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ५६.१ कोटी युरोंचा दंड केला होता. पुण्यात किंवा पणजीत बसून संगणक वापरणाऱ्याला मात्र ती सवलत नाही, त्याने फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड याच वाटेने जावे.

थंडरबर्ड, मॅक आणि लिनक्स

थंडरबर्डची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. तो कोणा एका ब्राउझरचा आग्रह धरत नाही, पण त्याची स्मरणशक्ती दांडगी आहे. कधीतरी एखादी लिंक उघडताना त्याने ‘कोणते ॲप वापरू’ असे विचारलेले असते, आपण समोर दिसलेला ब्राउझर निवडून ‘हेच लक्षात ठेव’ या चौकोनात खूण केलेली असते, आणि पुढे कितीही वेळा डीफॉल्ट बदलला तरी थंडरबर्ड त्या जुन्या निवडीलाच चिकटून राहतो. सेटिंग्जमध्ये जनरल या विभागात खाली सरकल्यावर ‘फाइल्स अँड ॲटॅचमेंट्स’ अशी एक तक्तावजा यादी असते. तिच्यात एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस अशा ओळी दिसल्या, तर त्यांच्यासमोरची कृती बदलून सिस्टिमचा डीफॉल्ट ब्राउझर किंवा ‘दर वेळी विचारा’ असे करावे. दोन्ही ओळी बदलाव्यात. एचटीटीपीची एकटी ओळ बदलून फारसा फरक पडत नाही, कारण हल्लीच्या बहुतेक लिंक एचटीटीपीएसच्याच असतात.

मॅकवर काम सोपे आहे. व्हेंच्युरा आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांमध्ये सिस्टिम सेटिंग्जमधील ‘डेस्कटॉप अँड डॉक’ या विभागात बरेच खाली ‘डीफॉल्ट वेब ब्राउझर’ अशी यादी आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये ती सिस्टिम प्रेफरन्सेसमधील जनरल या भागात होती. डॉकशी ब्राउझरचा काय संबंध, हे ॲपललाच ठाऊक. नव्याने उतरवलेला ब्राउझर यादीत दिसत नसेल तर तो ॲप्लिकेशन्स या फोल्डरमध्ये ओढून टाकला आहे ना आणि एकदा तरी उघडला आहे ना ते पाहावे. ॲपलचे मेल ॲप ही निवड निमूटपणे पाळते.

उबुंटूसारख्या लिनक्सवर सेटिंग्जमधील डीफॉल्ट ॲप्सच्या भागात ‘वेब’ या शब्दासमोर ब्राउझर निवडला की पुरते; केडीई हे लिनक्सचे दुसरे रूप वापरणाऱ्यांना हीच यादी सिस्टिम सेटिंग्जमधील ‘डीफॉल्ट ॲप्लिकेशन्स’मध्ये मिळेल.

अँड्रॉइडवरील जीमेल

फोनवरील तक्रार साधारणपणे अशी असते की लिंक ब्राउझरमध्ये उघडतच नाही, ती जीमेलच्या आतच उघडते. पान दिसते, वर पत्त्याची पट्टी आणि डावीकडे फुली दिसते, पण मागे गेले की पान गायब होते आणि ब्राउझर उघडून पाहिले तर त्याच्या टॅबमध्ये ते नसते. याला कस्टम टॅब म्हणतात, आणि २०१५ मध्ये क्रोमच्या ४५ व्या आवृत्तीपासून अँड्रॉइडवर ही पद्धत सुरू झाली. हे पान जीमेल स्वतः दाखवत नसून डीफॉल्ट ब्राउझरच ते जीमेलच्या चौकटीत दाखवत असतो. त्यामुळे साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन तेथेही चालतात. फायरफॉक्स, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट यांनाही असे टॅब दाखवता येतात, म्हणून फोनचा डीफॉल्ट ब्राउझर बदलला की जीमेलमधील ही खिडकीही बदलते.

डीफॉल्ट ब्राउझर बदलण्यासाठी फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात डीफॉल्ट ॲप्स आणि त्यात ब्राउझर ॲप असे जावे. सॅमसंगच्या फोनवर ॲप्समध्ये गेल्यावर ‘डीफॉल्ट ॲप्स निवडा’ असे वरच लिहिलेले असते. काही कंपन्यांनी ही नोंद तीन ठिपक्यांच्या मेनूमागे ठेवली आहे. ती सापडेनाशी झाली तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘डीफॉल्ट’ हा शब्द टाइप करणे हा सर्वांत जवळचा रस्ता. फोनची भाषा मराठी ठेवलेली असेल तर यातील काही नावे मराठीत दिसतील, क्रम मात्र तोच राहील.

लिंक पूर्ण ब्राउझरमध्ये, कायम राहणाऱ्या टॅबमध्ये उघडायला हवी असेल तर जीमेलमध्ये डावीकडील तीन आडव्या रेघांचा मेनू उघडून सेटिंग्ज, मग ‘जनरल सेटिंग्ज’ असे जावे आणि ‘ओपन वेब लिंक्स इन जीमेल’ या ओळीसमोरची खूण काढून टाकावी. ज्यांना लेख नंतर वाचण्यासाठी टॅब उघडे ठेवण्याची सवय आहे, त्यांनी ही खूण अवश्य काढावी. एका दमात लिंक पाहून परत ईमेलकडे येणाऱ्यांना ती असलेलीच बरी, आणि अधूनमधून एखादेच पान ठेवायचे असेल तर कस्टम टॅबच्या तीन ठिपक्यांत ते ब्राउझरमध्ये उघडण्याची सोय असते.

अँड्रॉइडवर तिसरी एक शक्यता असते: लिंक कोणत्याही ब्राउझरकडे न जाता थेट ॲपमध्ये उघडते. यूट्यूबची लिंक यूट्यूबमध्ये आणि खरेदीच्या संकेतस्थळाची लिंक त्यांच्या ॲपमध्ये जाते, कारण त्या ॲपने त्या पत्त्यावर आपला हक्क नोंदवलेला असतो. हे नको असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या माहितीच्या पानावर जाऊन ‘ओपन बाय डीफॉल्ट’ येथे ‘सपोर्टेड लिंक्स’, म्हणजे त्या ॲपशी जोडलेल्या लिंक, उघडण्याची परवानगी बंद करावी. अँड्रॉइड १२ पासून पत्त्याची मालकी सिद्ध न केलेल्या ॲपची अशी लुडबुड बरीच कमी झाली आहे.

आयफोन

आयफोनवर डीफॉल्ट ब्राउझर बदलण्याची मुभाच सप्टेंबर २०२० मधील आयओएस १४ पासून मिळाली. सुरुवातीला फोन बंद करून चालू केला की निवड परत ॲपलच्या सफारी या ब्राउझरवर जात असे; ती चूक आठवडाभरातच आयओएस १४.०.१ मध्ये दुरुस्त झाली, पण ‘आयफोनवर हे टिकत नाही’ हा समज मात्र रेंगाळत राहिला. आयओएस १८.२ आणि पुढील आवृत्त्यांमध्ये सेटिंग्जच्या ॲप्स या विभागात वर डीफॉल्ट ॲप्स आहे, त्यातून ब्राउझर ॲप निवडावे. त्याआधीच्या आवृत्तीत सेटिंग्जमध्ये त्या ब्राउझरचेच नाव शोधून त्याच्या पानावर ‘डीफॉल्ट ब्राउझर ॲप’ ही ओळ पाहावी. आयफोनचे स्वतःचे मेल ॲप लगेच ही निवड पाळू लागते.

जीमेल मात्र येथेही स्वतःचा हिशेब वेगळा ठेवते. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘डीफॉल्ट ॲप्स’ असा भाग आहे, जेथे लिंक क्रोममध्ये, सफारीत की फोनच्या डीफॉल्ट ब्राउझरमध्ये उघडायची हे निवडता येते, आणि ‘दर वेळी मला विचारा’ अशी कळही असते. ती कळ चालू असेल तर प्रत्येक लिंकवर यादी समोर येते. बहुतेकांना तीच नकोशी वाटते. फोनचा डीफॉल्ट ब्राउझर फायरफॉक्स आणि जीमेलमधील निवड क्रोम अशी स्थिती असेल, तर जीमेलचेच म्हणणे चालते.

प्रोफाइल आणि खात्री

ब्राउझर योग्य उघडतो, पण खाते चुकीचे असते, हा प्रकार घर आणि कार्यालय एकाच संगणकावर सांभाळणाऱ्यांना चांगला परिचयाचा असेल. क्रोममध्ये दोन प्रोफाइल, म्हणजे वेगवेगळ्या खात्यांसाठीचे वेगळे कप्पे, असतील, तर बाहेरून आलेली लिंक बहुधा सर्वांत शेवटी वापरलेल्या प्रोफाइलच्या खिडकीत उघडते. त्यामुळे कार्यालयीन ईमेलमधील सामायिक फाइल घरच्या खात्यात उघडून ‘परवानगी नाही’ असे सांगते. हव्या त्या प्रोफाइलच्या खिडकीवर आधी एक क्लिक करून मग ईमेलमधील लिंक उघडावी, एवढी काळजी पुरते. एजमध्ये बाहेरील लिंकसाठी कायमचे प्रोफाइल ठरवून देण्याची सोय त्याच्या प्रोफाइलच्या सेटिंग्जमध्ये आहे, आणि या एका बाबतीत एज क्रोमच्या पुढे आहे असे म्हणावे लागेल.

सगळे बदल झाल्यावर स्वतःलाच एक ईमेल पाठवावे, त्यात https:// ने सुरू होणारा कोणताही नेहमीचा पत्ता पूर्ण लिहावा, आणि ते ज्या ॲपमध्ये अडचण होती त्याच ॲपमध्ये उघडून लिंकवर क्लिक करावे. चाचणी वर्ड फाइलमधून किंवा व्हॉट्सॲपवरून करू नये, कारण त्यांचे नियम वेगळे असू शकतात. कार्यालयीन ईमेलमधील लिंक उघडताना क्षणभर भलताच लांबलचक पत्ता दिसत असेल तर तो सुरक्षा तपासणीचा टप्पा असतो, ब्राउझरच्या निवडीशी त्याचा संबंध नाही. विंडोजच्या शोधपट्टीतील किंवा विजेट्समधील बातम्यांच्या लिंक यानंतरही एजमध्येच उघडल्या तर आपले काही चुकले असे समजू नये; त्या लिंक साध्या एचटीटीपीएसच्या नसून फक्त एजला समजणाऱ्या प्रकारच्या असतात. मोठ्या अपडेटनंतर मात्र आउटलुकची आणि विंडोजची अशा दोन्ही निवडी एकदा नजरेखालून घालाव्यात.

शेवटची बाब जुना ब्राउझर काढून टाकण्याविषयी आहे. डीफॉल्ट असलेला क्रोम किंवा फायरफॉक्स तसाच काढून टाकला, तर विशेषतः जुन्या आउटलुकमध्ये लिंकवर क्लिक केल्यावर काहीच उघडत नाही आणि ‘या संगणकावरील निर्बंधांमुळे ही क्रिया रद्द करण्यात आली आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. तो वाचून घरचा संगणक असलेला माणूसही बुचकळ्यात पडतो की निर्बंध घातले कोणी. निर्बंध कोणीच घातलेले नसतात. एचटीएमएल या प्रकारासमोर विंडोजच्या नोंदीत अजून त्या काढून टाकलेल्या ब्राउझरचेच नाव असते आणि आउटलुकला तो सापडत नाही. नवा ब्राउझर वर सांगितल्याप्रमाणे डीफॉल्ट केल्यावर हा संदेश बहुधा जातो. तरीही तो येतच राहिला तर काढलेला ब्राउझर पुन्हा बसवावा, त्याला एकदा डीफॉल्ट करावे, मग नव्या ब्राउझरला डीफॉल्ट करून आउटलुकमधील लिंक उघडते याची खात्री करून घ्यावी, आणि त्यानंतरच जुना ब्राउझर काढावा.